४४ ठोके

सकाळी सव्वासहाला मोतद्दाराने, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याने, सातव्या ठाणातून, घोड्याच्या खोलीतून, हाक मारली. पाटीत लिदीचे दोनच ढीग होते. ही कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोडी रात्रभरात चार-पाच ढीग टाकते, दिवसाचे मिळून नऊ. आमच्या पागेत प्रत्येक ठाणाच्या दाराला फळा आहे आणि त्यावर हा आकडा दोन्ही वेळा लिहिला जातो. त्यामुळे दोन म्हणजे कमी की नेहमीचं, हे कुणाला आठवत बसावं लागलं नाही.

हातमोजा घालून एक गोळा उचलला. लहान, कडक, वरून सापाच्या कातेसारखी चकाकी. आतड्यात माल नेहमीपेक्षा जास्त वेळ रेंगाळला की त्यावर असा चिकट थर चढतो. गोळा फोडला तर आत पिवळ्या, जाड काड्यांचे तुकडे. आम्ही घालतो ते गवत इतकं जाड नसतं. ते गव्हाचं काड होतं, म्हणजे तिच्या पायाखालचं अंथरूण.

पाण्याच्या दोन बादल्या, प्रत्येकी १५ लिटरच्या. आतल्या खुणांवरून दोन्हींत मिळून २४ लिटर शिल्लक, म्हणजे रात्रभरात प्यायली फक्त ६. पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाकाठी निदान २५ लिटर तरी लागतं. आदल्या रात्री गारठा एकदम वाढला होता, आणि पाणी फार गार झालं की बरेच घोडे ते कमी पितात.

बाहेरून पाहणाऱ्याला घोडी आजारी वाटली नसती. घाम नाही, लोळणं नाही. फक्त मधूनच मान वळवून डाव्या कुशीकडे बघायची, वरचा ओठ उचलायची, आणि एकदा लघवीला ताणल्यासारखे पाय पसरून तशीच उभी राहिली. पोटशूळाची सुरुवात पुष्कळदा इतकीच दिसते.

जबड्याच्या खालच्या कडेला धमनी हाडावरून जाते. तिथे दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिट मोजलं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की एक ठोका चुकला तरी हिशेबात चारचा फरक पडतो. ठोके आले ४४. स्टेथोस्कोप डाव्या कोपरामागे लावून पुन्हा मोजले, तेवढेच.

मोठ्या घोड्याचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात असं कुठल्याही पुस्तकात सापडेल. त्या हिशेबाने ती काठावर का होईना, ठीकच होती. पण फळ्यावर तिचा स्वतःचा आकडा होता ३४. घोडा पागेत आला की पहिल्या आठवड्यात, सलग तीन सकाळी, चंदी (दाण्याचा खुराक) घालण्याआधी आम्ही ठोके, श्वास आणि ताप मोजतो आणि तो आकडा दारावर रंगवतो. ३४ची घोडी उभ्या जागी ४४वर गेली, तर कुठेतरी दुखतंय. पुस्तकातला पल्ला सगळ्या घोड्यांचा असतो. ठाणात उभा असतो एक घोडा.

बाकीचं तपासायला पाच मिनिटं लागली. ताप नाही, ३७.८. हिरड्या ओलसर, गुलाबी. अंगठ्याने दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परत. पोटाचे आवाज चार ठिकाणी ऐकायचे, दोन्ही कुशींवर वर आणि खाली. उजवीकडे हलकी गुरगुर होती, डावीकडे खाली मिनिटभर कान लावूनही काही नाही.

गवत लगेच काढलं. पाणी ठेवलं. घरातलं दुखणं मारण्याचं औषध दिलं नाही, कारण ते दिलं की डॉक्टर येईपर्यंत ठोके खाली येतात आणि आजार किती पुढे गेलाय ते कळेनासं होतं. फोनवर डॉक्टरांना ठोके, ताप, हिरड्या, आवाज, लीद आणि पाणी याच क्रमाने सांगितलं. ‘घोडी बरी दिसत नाही’ या वाक्यावरून डॉक्टरला निघायची घाई किती करायची ते ठरवता येत नाही, आकड्यांवरून येतं.

मग मालकीणबाईंना फोन. त्या प्रवासात होत्या, आवाज घाबरलेला. “तुम्हाला योग्य वाटेल ते करा,” म्हणाल्या. हे उत्तर घेऊन थांबायचं नसतं. “ताई, गरज पडली तर ऑपरेशन करायचं का? हो की नाही, एवढंच आत्ता सांगा,” असं मी विचारलं. घोडा ठेवताना भरून घेतलेल्या कागदावर हा प्रश्न असतोच, शिवाय विम्याचा क्रमांक आणि दुसऱ्या माणसाचा फोनही. पण दोन वर्षांपूर्वीचं ‘नाही’ आज ‘नाही’च असेल असं धरून चालता येत नाही. त्या “हो” म्हणाल्या. मी वेळेसकट लिहून ठेवलं, विमावाल्यांना कळवलं आणि ट्रेलर गाडीला जोडून ठेवला. निर्णय लांबला की वेळ फोनवरच जातो.

डॉक्टरांनी आधी गुंगी दिली, मग नाकातून नळी जठरात. घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाचा स्नायू इतका घट्ट असतो की पुढे वाट बंद झाली आणि पाणी मागे साचलं तर जठर फुटू शकतं. म्हणून नळी हा तपासही असतो आणि उपायही. दोन लिटरपेक्षा जास्त पाणी परत आलं असतं तर आम्ही तिथूनच ट्रेलर हलवला असता. काही आलं नाही. मग गुदद्वारातून हात घालून तपासणी. डावीकडे, जिथे मोठं आतडं माघारी वळतं आणि एकदम अरुंद होतं, तिथे मळलेल्या कणकेसारखा गोळा लागत होता. बोट दाबलं की खड्डा पडत होता. गच्चा, म्हणजे आतड्यात माल घट्ट अडकलेला, पण आतड्याला पीळ नाही.

नळीतून ५०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट विरघळवलेलं कोमट पाणी, साधारण ७ लिटर. जठरात ८ ते १५ लिटरच मावतं, त्यामुळे जास्त घाई करता येत नाही. दुखण्याचं इंजेक्शन डॉक्टरांनी स्वतः शिरेत दिलं. दर अर्ध्या तासाला ठोके मोजायचे आणि इंजेक्शन असूनही ते ६०वर गेले तर वाट न बघता निघायचं, असं ठरलं.

चालवण्याबाबत मात्र कात्री होती. पुढच्या उजव्या पायाच्या टेंडनसाठी ती नऊ दिवस ठाणात बंद होती. दोन्ही पायांना पट्ट्या बांधून सपाट जागी दहा-दहा मिनिटं हाताने चालवली, त्याहून जास्त नाही. दमेपर्यंत तासन् तास फिरवत राहण्याने घोड्याची शक्तीच जाते. दुपारी पुन्हा ६ लिटर पाणी नळीतून.

रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी पहिला ढीग पडला. कडक, चकाकणारा, काड्यांनी भरलेला. तीन वाजता दुसरा, मऊ. ठोके ३६.

चूक आमचीच होती आणि ती साधी होती. काम बंद झालं म्हणून चंदी कमी केली, ते बरोबर. पण वजन वाढू नये म्हणून गवतही कापलं, १० किलोवरून ५ वर. रिकाम्या तोंडाने तिने अंथरूण खायला घेतलं. जाड काड, कमी पाणी, हालचाल बंद: अरुंद वळणावर गच्चा बसायला आणखी काही लागत नाही. ठाणाच्या कोपऱ्यातलं काड रोज कमी होत होतं, ते आम्ही झाडणाऱ्याच्या हिशेबात धरत राहिलो.

गवत परत सुरू केलं ते मूठभर, भिजवलेलं, दर दोन-तीन तासांनी. पूर्ण मापावर यायला तीन दिवस घेतले. बंद ठेवलेल्या घोड्याखाली आता काड नाही, लाकडाचा भुसा. गवत वजनाच्या दीड टक्क्याच्या खाली नाही, म्हणजे तिला साडेसात किलो, काट्यावर तोलून, बारीक भोकांच्या जाळीत, चार वेळांत वाटून. आपोआप भरणारी पाण्याची भांडी अशा ठाणांत बंद. त्यात घोडा किती प्यायला ते कळत नाही. गारठ्यात बादल्यांत कोमट पाणी. आणि फळ्यावर एक रकाना वाढला: अंथरूण किती उरलं.

चौथ्या दिवशी मालकीणबाई आल्या तेव्हा फळ्यावर होतं: ठोके ३४, ढीग ९, पाणी ३१ लिटर.