अर्धापूरचा रफार फासला तर

लॅपटॉपचा १४ इंची, २८८० बाय १८०० चा पडदा म्हणजे इंचाला साधारण २४३ पिक्सेल. लिनक्स डेस्कटॉप १०० टक्के स्केल (अक्षरं-बटणं किती मोठी दाखवायची ते प्रमाण) धरतो ते इंचाला ९६ पिक्सेलच्या हिशोबाने, म्हणून मेन्यू मुंगीएवढे दिसतात. हे दुखणं सोपं आहे. सेटिंग्जमधे डिस्प्लेत जा, २०० टक्के करा, संपलं. कटकट सुरू होते ती १५० किंवा १७५ ला. अक्षरं मोठी होतात, पण काही ॲपमधे पुसट. इथे उगं स्केल वाढवत बसू नका, पुसटपणा त्याने जात नाही.

तपासायला इंग्रजी मजकूर फसवतो. ११ पॉइंटात ‘हिंगोली, अर्धापूर, गंगाखेड’ टाइप करा. अर्धापूरचा रफार कान्यावर सुटा, धारदार दिसला तर ठीक. रफार फासलेला आणि अनुस्वाराचा ठिपका राखाडी असेल, तर वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था) सेशनमधे ते ॲप बहुतेक एक्सवेलँडमधून (जुन्या एक्स११ व्यवस्थेची ॲप वेलँडवर चालवणारा दुवा) चालतंय: ते लहान आकारात रंगवलं जातं आणि मग ते चित्र ताणलं जातं. खात्रीसाठी एक्सआयज (xeyes, माउसकडे बघणाऱ्या डोळ्यांचा छोटा प्रोग्रॅम) चालवा. ज्या खिडकीवर माउस नेल्यावर डोळे हलतात, ती एक्स११ ची.

असं ॲप सापडलं तर उपाय असे. क्रोमियम ब्राउझर जुना असेल तर त्याच्या फ्लॅग्जमधे (chrome://flags हे पान) ऑझोन प्लॅटफॉर्म ‘वेलँड’ करून ब्राउझर पुन्हा सुरू करा. केडीई प्लाझ्मा डेस्कटॉपवर ५.२६ पासून डिस्प्लेच्या पानावरच जुन्या एक्स११ ॲपना ‘स्वतः स्केल करा’ म्हणायची सोय आहे. नोम (GNOME) डेस्कटॉपच्या ४७ मधे तशी सोय आली, पण प्रायोगिक, हाताने चालू करावी लागते.

एखादं क्यूटी (Qt, खिडक्या-बटणं बनवायचं साधन) वापरून बनवलेलं ॲप भलतंच अवाढव्य दिसलं, तर होम फोल्डरमधली प्रोफाइल फाइल (.profile) उघडून बघा. जुनं वाचून कधीतरी टाकलेला ‘क्यूटी स्केल फॅक्टर २’ (QT_SCALE_FACTOR=2) तिथे पडलेला असतो. डेस्कटॉपचे दोन गुणिले याचे दोन, झाले चार. ती ओळ काढा, लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा.

एक्स११ सेशनवर १५० टक्के शक्यतो टाळाच. तिथे काही डेस्कटॉपवर याच पडद्यासाठी आधी ३८४० बाय २४०० चं चित्र तयार होतं, मग ते आकसतं. पिक्सेल पावणेदोनपट, आणि लाइट गेल्यावर ते बॅटरीत दिसतं. एक्सएफसीई (Xfce) डेस्कटॉप असेल तर अपिअरन्समधे फॉन्टच्या टॅबवर डीपीआय (अक्षरांसाठी इंचाला किती ठिपके धरायचे ते) १४४ द्या. बटणांचे आयकॉन बारीकच राहतील, पण रफार स्वच्छ दिसेल.

लातूरच्या क्लासमधला १०८० चा प्रोजेक्टर जोडायचा असेल, तर मात्र वेलँडच हवं. तिथे लॅपटॉपला २०० आणि प्रोजेक्टरला १०० असं वेगवेगळं देता येतं.