निर्माल्याचं खत आणि आठवीचं विज्ञान

तलावावर एक दिवस झाडू मारून फोटो काढले की सेवा होते, शिकणं होत नाही. सेवेतून शिकायचं तर काम धड्याला जोडलेलं हवं आणि वस्तीला खरंच हवं असलेलं हवं. म्हणून आधी गणेश मंडळाशी, शेजाऱ्यांशी बोला. शाळेनं परस्पर ठरवलेलं काम टिकत नाही.

नागपुरात फुटाळ्यासारख्या तलावांकडे जाणारं निर्माल्य यासाठी उत्तम. दोरे, प्लास्टिक, थर्माकोल, चमकी आधी वेचा. सर्वांत जास्त वेळ इथंच जातो. एक भाग निर्माल्याला दोन भाग वाळका पाला आणि थोडं जुनं खत. आठवड्यातून एकदा उलथा. मूठ दाबल्यावर पाणी निथळलं तर ओल जास्त, मग हवा कोंडते आणि वास सुटतो, पाला वाढवा. भाद्रपदातला पाऊस पाहता ढीग झाकलेलाच ठेवा. आतलं तापमान मुलांनी रोज नोंदवावं. सूक्ष्मजीवांचा धडा तिथं हाताला गरम लागतो, गणिताला आलेखही मिळतो.

आठवड्याला १५ मिनिटं लेखन: काय बिघडलं, कशामुळे? वेळ कमी पडला की शिक्षक हेच आधी गाळतात, आणि मग उरते नुसती हमाली. कृपया हे गाळू नका.

दिवाळीच्या सुट्टीत ढीग कोण उलथणार, हे मात्र पहिल्याच बैठकीत ठरवा.