दाबलं तरी लालच

तान्ह्या पोळ्याला पोरीच्या अंगात ताप होता. नाक गळत होतं, तरी लाकडी बैलाची दोरी सोडेना. चार वर्षांची आहे. तीन दिवसांत ताप उतरला, आम्ही विसरलो. पंधरा दिवसांनी आंघोळ घालताना बायकोला तिच्या पिंडऱ्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके दिसले.

"डास चावले असन," आई म्हणाली. पण डासाचा फोड दाबला की फिका पडतो. हे ठिपके काचेचा ग्लास टेकवून दाबले तरी लालच. मांडीवर एक काळानिळा डाग, आणि पोरगी तर कुठं पडलेली नाही.

रक्त तपासलं. प्लेटलेट्स (रक्त थांबवणाऱ्या पेशी) ९,०००. दीड लाखाच्या वर हव्यात. गावानं डेंग्यू ठरवून टाकला. पपईच्या पानांचा रस आला, बकरीचं दूध आलं. डेंग्यूचा रिपोर्ट मात्र निगेटिव्ह.

वर्ध्याच्या डॉक्टर मॅडमनी पोट चाचपून पानथरी (प्लीहा) वाढली नाही ना ते पाहिलं, रक्ताचा थेंब काचेवर पसरून तपासायला लावला आणि सांगितलं, आयटीपी नावाचा आजार आहे. व्हायरल तापानंतर लहान मुलांना कधीकधी होतो. विषाणूशी लढायला शरीर ज्या अँटिबॉडीज बनवतं, त्यातल्या काही आपल्याच प्लेटलेट्सना चिकटतात आणि पानथरी त्या प्लेटलेट्स खाऊन टाकते. मला धुऱ्यावरची तार आठवली. लावायची रानडुकरासाठी, अडकतो आपलाच बैल.

साळा म्हणाला, "पांढऱ्या पेशी चढवा नं!" (आमच्याकडे प्लेटलेट्सना सगळे पांढऱ्या पेशीच म्हणतात. त्या वेगळ्या, हे मलाही तेव्हाच कळलं.) मॅडम म्हणाल्या, चढवल्या तरी शरीर त्याही मारेल, जिवावरचा रक्तस्राव असेल तरच चढवतात. हिला फक्त कातडीवर ठिपके होते, तोंडातून-नाकातून रक्त नव्हतं. म्हणून स्टेरॉइडही नाही. नुसतं लक्ष ठेवायचं. आयब्युप्रोफेन (ताप-दुखण्याचं औषध) द्यायचं नाही, दंडात-कमरेत इंजेक्शन घ्यायचं नाही, डोक्याला मार लागू द्यायचा नाही. डोकं फार दुखलं, उलट्या झाल्या, गुंगी आली, तर रात्री-बेरात्रीही निघून यायचं.

"औषधच नाई देलं त मंग वर्ध्याले गेले कायले?" आईचा प्रश्न. खरं सांगतो, परतताना एसटीत माझ्याही मनात तोच होता. औषध दिलं असतं तर निदान हाताला काम राहिलं असतं.

बाज उभी करून ठेवली, पोरीची गादी जमिनीवर आली. लाकडी बैल फळीवर गेला, त्यावरून रोज रडारड. मी रोज सकाळी चड्डी वर करून ठिपके मोजायचो. प्लेटलेट्स २२,००० झाल्या, मग ६८,०००. कापसाचा पहिला वेचा घरी आला त्या आठवड्यात १ लाख ६० हजार.

बैल खाली काढला तर एक चाक निखळलेलं. आता तिला ते आजच्या आज बसवून पाहिजे.