कुत्र्यांना हद्दवाढ कळत नाही

कोल्हापूरची हद्दवाढ, म्हणजे आसपासची गावं महापालिकेत घ्यायची, हा विषय माझ्या जन्माच्या आधीपासनं चालू आहे आणि मला वाटतंय माझ्या पोरांच्या लग्नापर्यंत चालेल. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली, त्यावेळी जी हद्द होती तीच आज पण आहे. मोर्चे झाले, उपोषणं झाली, गावांनी बंद पाळले, समित्या आल्या, गेल्या. त्यावर लिहिणारे लई लोक आहेत, मी माणसांच्या हद्दवाढीवर काय लिहीत नाही. मला कुत्र्यांबद्दल बोलायचंय.

आमचा भाग बरोबर हद्दीवर येतो. म्हणजे रस्त्याच्या अलीकडं महापालिका आणि पलीकडं ग्रामपंचायत. अलीकडचा कचरा उचलायला एक गाडी, पलीकडचा उचलायला दुसरी, आणि मधल्या गटारीचा वाली कोण हे आजवर कुणाला कळलेलं नाही. ह्या रस्त्यावर रात्री दहानंतर दोन टोळ्या असतात, एक दूध डेअरीच्या कट्ट्याखाली आणि एक पलीकडच्या चिकनच्या दुकानापाशी. टू व्हीलरवाला आला की दोन्ही टोळ्या एक होतात. तेवढ्यापुरती हद्दवाढ होते म्हणा.

आता हे का सांगतोय, तर कुत्र्यांचा जो कायदा आहे, एबीसी म्हणजे कुत्र्यांच्या संततिनियमनाचे नियम, ते आधी २००१ चे होते आणि मार्च २०२३ मध्ये नवीन आले. त्यात काम साधं सांगितलंय. कुत्रं जाळीनं नाहीतर हातानं पकडायचं, तारेचा फास नाही, चिमटा नाही. नर-मादी वेगळे ठेवायचे, ऑपरेशन करायचं, रेबीजची लस द्यायची, जखम भरेपर्यंत ठेवून घ्यायचं, कानाला छोटा काप द्यायचा म्हणजे लांबनं कळतं की ह्याचं झालंय, आणि जिथनं उचललं तिथंच आणून सोडायचं. करायचं कुणी, तर स्थानिक स्वराज्य संस्थेनं. म्हणजे शहरात महापालिकेनं आणि गावात ग्रामपंचायतीनं.

कागदावर दोघांची जबाबदारी सारखीच. पण ग्रामपंचायतीकडं डॉक्टर नाही, ऑपरेशनची खोली नाही, पिंजरे नाहीत, गाडी नाही, आणि ग्रामसेवकाला तुम्ही एबीसी म्हटलं की तो आधी तुमच्याकडं बघतो आणि मग घड्याळाकडं. मग होतंय काय, की अलीकडच्या चार कुत्र्यांच्या कानाला काप आणि पलीकडच्या कुत्र्यांचे कान अखंड. एक मादी वर्षातनं दोनदा माजावर येते, दोन महिन्यांत विते, एका वेताला चार-सहा पिल्लं. त्यातली अर्धी गाडीखाली नाहीतर आजारानं मरतात हे खरं आहे, पण जी जगतात ती रस्ता ओलांडून अलीकडं येतात, कारण अलीकडं जागा झालेली असते. म्हणजे महापालिकेचा खर्च झाला आणि आमच्या दारातली संख्या हाय तेवढीच. मग लोक म्हणतात नसबंदीचा काय उपयोग नाही. उपयोग आहे की, पण एका भागातली बहुतेक सगळी कुत्री एका दमात झाली तर, निम्मी ह्या वर्षी आणि निम्मी टेंडर निघेल तेव्हा असं करून नाही. रेबीजच्या लसीचं पण तसंच, साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ते ७० टक्के दरवर्षी टिकवायला लागतात.

आमच्याकडं एक गट आहे तो म्हणतो उचला आणि लांब नेऊन टाका. कुठं टाकायचं विचारलं की जोतिबाच्या घाटात, कात्यायनीकडं, पन्हाळ्याच्या पायथ्याला अशी नावं येतात. अहो तिथं माणसं राहत नाहीत काय? आणि तिथं उपाशी फिरणारं कुत्रं म्हणजे बिबट्याला आयतं आवतण. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताराबाई पार्कात बिबट्या शिरला होता, आख्खं कोल्हापूर मोबाईलवर तेच बघत होतं. बिबट्या गावात येतो त्यात कुत्रं हे एक मोठं खाद्य असतंय, हे वनखात्यातला कुणी पण सांगेल.

दुसरी मागणी म्हणजे सगळ्यांना शेल्टरमध्ये घाला. सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय की, असं म्हणतात. कोर्टानं नक्की काय सांगितलं ते जरा बघूया, कारण लोकांनी ११ ऑगस्ट २०२५ ची बातमी वाचली आणि पुढचं सोडून दिलं. ११ तारखेचा आदेश दिल्ली आणि आसपासच्या भागापुरता होता, सगळी कुत्री उचला आणि परत सोडू नका असा. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या बेंचनं तो बदलला, नसबंदी आणि लस करून त्याच जागी सोडा, फक्त रेबीज झालेलं किंवा रेबीजचा संशय असलेलं आणि अंगावर धावणारं कुत्रं सोडू नका, आणि खायला घालायचं तर ठरवलेल्या जागीच घाला, असं सांगितलं आणि विषय देशभरासाठी घेतला. मग ७ नोव्हेंबरला अजून एक आदेश आला की शाळा, कॉलेज, दवाखाने, क्रीडा संकुलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचलायची आणि ती मात्र परत तिथं सोडायची नाहीत. म्हणजे आपल्याकडं सीबीएस स्टँड, सीपीआर म्हणजे थोरला सरकारी दवाखाना, सगळ्या शाळांची आवारं. एवढ्यांसाठी तरी शेल्टर लागणार हे आता नक्की.

पण शेल्टर म्हणजे पत्र्याचं शेड आणि कुलूप नव्हे. दोन टोळ्या एका खोलीत घातल्या तर सकाळी काय दिसेल ते सांगायला नको. एकाला पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांचा जुलाब-उलट्यांचा साथीचा रोग, झाला की आख्खी रांग आजारी. रोजचं खाणं, धुणं, डॉक्टर, रात्रीचा माणूस, आणि हे सगळं ते कुत्रं मरेपर्यंत, म्हणजे दहा-बारा वर्षं. जुन्या लोकांना कोंडवाडा आठवत असेल. मोकाट जनावर त्यात घालायचे, मालक येऊन दंड भरून सोडवून न्यायचा. तो चालायचा कारण गाईला मालक होता. ह्या कुत्र्यांना सोडवायला कोण येणार?

मारून टाका म्हणणारे पण आहेत. इंग्रजांच्या काळात मुंबईत मारायचेच, १८३२ साली त्यावरनं पारशी लोकांनी दंगल केली होती, खरंच. नंतर १९९४ पर्यंत मुंबईत मारणं चालू होतं आणि तरी कुत्री संपली नाहीत. एका शेजाऱ्यानं परवा ग्रुपवर लिहिलं की बिस्किटातनं औषध घालतो, विषय संपवतो. त्यांना मी खाजगीत फोन करून सांगितलं, दादा, भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ बघा, जनावर मारलं किंवा जायबंदी केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तुम्ही ते लिहून ठेवलंय. मेसेज लगेच डिलीट झाला. गंमत म्हणजे प्राण्यांना क्रूरतेनं वागवू नये म्हणून जो १९६० चा खास कायदा आहे त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये आहे. आजही. एक कटवडा पण महाग पडेल.

आता खरा विषय, जो काढला की सगळे गप्प होतात. मटण.

रविवारी सकाळी कोल्हापुरात मटणाच्या दुकानापुढं रांग नसेल असा भाग दाखवा. तांबडा-पांढरा आपला अभिमान आहे, माझा पण आहे. पण त्या जनावराचं उरलेलं कुठं जातंय? चिकनच्या दुकानातली पिसं, आतडी, पाय, कातडी संध्याकाळी पोत्यात भरून कुठं जातात? चांगले दुकानदार गाडीला देतात. बाकीच्यांचं पोतं रात्री अकरानंतर हद्दीवरच्या मोकळ्या प्लॉटला येतंय, कारण तिथं विचारायला कुणी नाही, शहरातला माणूस म्हणणार ते गावात येतंय आणि गावातला म्हणणार ते शहराचं आहे. वर आपण घरातनं सोमवारी सकाळी हाडं कॅरीबॅगला गाठ मारून टाकतो. पूर्वी चौकात कचऱ्याची कोंडाळी होती, ती महापालिकेनं काढली, घंटागाडी आली, पण घंटागाडी गेल्यावर उठणाऱ्या लोकांच्या डोक्यातलं कोंडाळं अजून तिथंच आहे. हायवेच्या कडेला चिकन ६५ ची गाडी, तिच्याशेजारी हाडांचा ढीग, त्याच्याशेजारी सहा तगडी कुत्री. त्यांच्या अंगावरची तुकतुकी बघा, काकूंच्या पोळीनं ती येत नाही.

काकूंचं पण बोलायला पाहिजे. आमच्याकडं एक काकू रोज रात्री दूध-चपाती घालतात. लोक त्यांच्यावर खेकसतात. मला उलटं वाटतं, ज्या कुत्र्याला माणसाच्या हातचं खायची सवय आहे तेच नसबंदीच्या गाडीला सापडतं, आणि कुठल्या कुत्रीनं पिल्लं घातली, कुठलं लंगडतंय हे त्या एकट्या बाईला ठाऊक असतं. फक्त त्यांनी लहान पोरांच्या खेळायच्या जागेपाशी आणि बिल्डिंगच्या जिन्यात, गेटपाशी घालू नये, आणि हे माझं मत नाही, २०२३ च्या नियमातच आहे. जागा ठरवून द्यायची आहे, वेळ ठरवून द्यायची आहे. ती ठरवायला कुणी बसत नाही, दोन्ही बाजूंना नुसतं भांडायचंय.

चावल्यावर काय करायचं हे मात्र अजून लोकांना माहीत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. आमच्या गल्लीतल्या मामांना पोटरीला चावलं तर त्यांनी आधी तिखट लावलं. मग चुना. वर मला म्हणतात, "पोटात चौदा घेण्यापेक्षा हेच बरं." मामा, पोटातली चौदा कधीच बंद झाली, आता दंडात देतात आणि चार-पाचच असतात, म्हटल्यावर दवाखान्याला आले. आधी जखम वाहत्या पाण्यात साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून पंधरा, आणि मग थोरला दवाखाना. रक्त आलं असेल तर नुसत्या लसीवर भागत नाही, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे लगेच संरक्षण देणारं वेगळं इंजेक्शन, पण द्यायला लागतं, ते आहे का हे आपण तोंडानं विचारायचं. आणि पुढच्या तारखा चुकवायच्या नाहीत. रेबीज एकदा उठला की उपाय नाही, त्यामुळं "कुत्रं ओळखीचं होतं" हे कारण चालत नाही.

पाळीववाल्यांना सोडलं तर अन्याय होईल. महापालिकांच्या कायद्यात पाळलेल्या कुत्र्याच्या नोंदणीची सोय आहे, पुण्या-मुंबईत लायसन काढतात, आपल्याकडं कुणाला विचारलं तर हसतात. केंद्रानं मार्च २०२४ मध्ये पिटबुल, रॉटवायलर धरून २३ जातींवर बंदीचं पत्र काढलं, ते पुढच्याच महिन्यात कर्नाटक हायकोर्टानं रद्द केलं, त्यामुळं जात कुठली पण पाळा, पण पट्ट्याशिवाय सोडलं आणि कुणाला चावलं तर त्याच न्याय संहितेचं कलम २९१ आहे, सहा महिने कैद नाहीतर पाच हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. उलट बाजूला सोसायट्यांनी पण ऐकावं, कुत्रं पाळायला बंदी घालायचा ठराव करता येत नाही. आणि हो, आजीच्या पिंजऱ्यातला मिठू हा वन्यजीव कायद्याखाली येतो, तो पाळणं गुन्हा आहे. हे सांगितल्यापासनं एका घरातला चहा बंद झालाय माझा.

आपल्याला जनावराचं काही पडलेलं नाही असं तर कोण म्हणूच शकत नाही. ज्या गावात हत्तींच्या साठमारीचं मैदान होतं, दिवाळीत म्हशी नटवून रस्त्यावर पळवतात, त्या जिल्ह्यानं २०२५ मध्ये नांदणी मठाची माधुरी हत्तीण वनतारातनं परत यावी म्हणून दोन लाखांवर सह्या केल्या, नांदणीपासनं कलेक्टर ऑफिसपर्यंत चालत गेले लोक. कोण बरोबर कोण चूक त्यात मी पडत नाही. पण एका हत्तिणीसाठी दोन लाख सह्या होतात आणि हद्दीवरच्या कुत्र्यांसाठी दोन ऑफिसांच्या एका संयुक्त पत्रावर दोन सह्या होत नाहीत, हे मला कळत नाही.

तर आम्ही काही जणांनी ते पत्र आता स्वतःच लिहिलंय. एकच अर्ज, दोन प्रती, एक महापालिकेच्या आरोग्य विभागाला आणि एक ग्रामपंचायतीला. मागणी एवढीच की रस्त्याच्या दोन्ही बाजूंची कुत्री एकाच मोहिमेत घ्या, ऑपरेशन महापालिकेच्या केंद्रात करा आणि पलीकडच्या बाजूचे पैसे ग्रामपंचायतीनं द्यावेत. नियमात देखरेख समिती आहे, तिनं आकडे ठेवायचे असतात, ते भागवार द्या असं माहितीच्या अधिकारात वेगळं मागितलंय. काकूंनी कुत्र्यांची यादी करून दिली, रंगासकट, कुणाच्या कानाला काप आहे आणि कुणाच्या नाही ते पण. ग्रामसेवकानं पोच दिली. महापालिकेत अर्ज आधी चुकीच्या खिडकीला गेला, मग बरोबर खिडकीला. चिकनच्या दुकानदाराला रविवारच्या मीटिंगला बोलावलंय, तो म्हणाला रविवारी धंदा असतो, मंगळवारी घ्या. मंगळवारी घेणार आहोत.