एटीपी तर इंधन, मग ते दुखणं कसं कळवतं?

मी संवेदी चेतापेशींवर काम करते आणि माझ्या प्रयोगात एटीपी लागतं, असं म्हटलं की बारावीचं जीवशास्त्र लक्षात असलेला माणूस हमखास विचारतो: एटीपी म्हणजे पेशीचं इंधन ना? त्याचा दुखण्याशी काय संबंध? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

एटीपी पेशीच्या आत भरपूर असतं. बाहेर मात्र जवळजवळ नसतंच. थोडं आलंच तर तिथली एन्झाइम्स ते लगेच तोडून टाकतात. पोतं फाटल्याशिवाय रस्त्यावर धान्य सांडत नाही, तसं एखाद्या जागी बाहेर खूप एटीपी दिसलं की जवळची पेशी फाटली किंवा ताणली गेली असण्याची शक्यता मोठी. इजेची खबर द्यायला याहून चांगला रेणू मला तरी सुचत नाही.

चेतापेशी संदेशासाठी एटीपी वापरतात, असं शरीरक्रियाशास्त्रज्ञ जेफ्री बर्नस्टॉक यांनी १९७२ साली ठामपणे मांडलं, तेव्हा बहुतेकांना ते पटलं नाही. इतकं मोलाचं इंधन पेशी बाहेर का टाकेल? पण १९७७ मध्ये ब्लीहेन आणि कील या संशोधकांनी माणसांच्या त्वचेवर फोड आणून त्याच्या उघड्या तळाला एटीपीचं द्रावण लावलं, आणि ते दुखलं. संवेदी चेतापेशींतलं पी२एक्स३ हे चॅनेल, म्हणजे पेशीच्या आवरणातलं एटीपीने उघडणारं दार, हाती यायला मात्र १९९५ उजाडलं.

माझा जीव गुंतलाय तो या चॅनेलमध्ये. तीन प्रथिनं एकत्र येऊन ते बनतं, आणि एटीपी चिकटलं की काही मिलिसेकंदांत उघडतं. सोडियम आत घुसतं, विद्युतदाब बदलतो आणि संदेश मज्जारज्जूकडे निघतो. सोबत कॅल्शियमही शिरतं. एकूण प्रवाहात त्याचा वाटा अगदी थोडा, पण पेशीच्या आत मुक्त कॅल्शियम बाहेरच्या सुमारे दहा हजारावा भागच असतं, त्यामुळे थोडी भरही पेशीला जाणवते. वेदना आणि सूज वाढवणारी पेप्टाइड्स बाहेर पडतात, काही एन्झाइम्स जागी होतात आणि चेतापेशी आणखी हळवी होऊ शकते. सोडियमचा झटका क्षणात ओसरतो, कॅल्शियमचा परिणाम मागे रेंगाळतो. दुखणं टिकतं कसं, याचा एक धागा मला इथे दिसतो.

हे मोजायला फ्युरा-२ नावाचा रंग पेशीत भरतात आणि ३४० व ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशात ती किती चमकते त्याचं गुणोत्तर पाहतात. अडचण अशी, की विद्युतदाब बदलला की कॅल्शियमची दुसरी चॅनेल्सही उघडतात. म्हणून पॅच क्लॅम्पने, म्हणजे पेशीला चिकटवलेल्या बारीक काचनळीतल्या इलेक्ट्रोडने, विद्युतदाब एका जागी धरून ठेवावा लागतो. त्याशिवाय कुठलं कॅल्शियम कुठून आलं ते सांगता येत नाही. शिवाय पी२एक्स३ एटीपी समोर असतानाही सेकंदाच्या आत मिटतं आणि पूर्ववत व्हायला काही मिनिटं घेतं. एटीपीच्या दोन मात्रांमध्ये घाई केली तर पेशी निरोगी असूनही प्रतिसाद फिका येतो. पी२एक्स३चं प्रथिन पी२एक्स२ या भावंड प्रथिनाशी जोडीने आलं, तर चॅनेल बराच वेळ उघडं राहतं.

(कॅल्शियमच्या गोळ्यांनी दुखणं वाढेल का, असंही घरची मंडळी विचारतात. या वाटेने तरी नाही. रक्तातली पातळी शरीर फार काटेकोर सांभाळतं.)

औषधाचं विचाराल, तर गेफापिक्संट पी२एक्स३ अडवतं. जुनाट खोकल्यासाठी जपानने त्याला २०२२ मध्ये मान्यता दिली, अमेरिकेने नाकारली. ते घेणाऱ्या अनेकांची चव बिघडते, कारण जिभेकडून येणाऱ्या चेतांनाही चव कळते ती एटीपीमुळेच, आणि तिथे पी२एक्स२ व पी२एक्स३ची जोडी काम करते. म्हणून आता जोडीला फारसा धक्का न लावता एकट्या पी२एक्स३लाच गाठणारे रेणू शोधले जाताहेत, आणि मला तीच दिशा बरोबर वाटते.