तिच्या फोनला जोडलेला दुसरा कॉम्प्युटर

तालुक्याच्या महिला समुपदेशन केंद्रात मी काम करते. त्या बाईची ओळख पटू नये म्हणून इथले बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

खुर्चीत टेकायच्या आधीच ती म्हणाली, "ताई, मी बहिणीला दागिन्यांबद्दल लिहिलं आणि रात्री जेवताना ह्यांनी तेच शब्द मला ऐकवले. फोन तर दिवसभर माझ्याच हातात असतो."

माझी तरुण सहकारी लगेच म्हणाली, "सिग्नल टाकून देऊया." सिग्नल म्हणजे व्हॉट्सॲपसारखंच, पण गोपनीयतेसाठी ओळखलं जाणारं निरोपांचं ॲप. तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. २०१६ मध्ये अमेरिकेत ग्रँड ज्युरीच्या (आरोप ठेवायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) समन्सवर सिग्नलला एवढंच देता आलं: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी त्यांच्याकडे काही नव्हतंच. व्हॉट्सॲपचे निरोपही २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणाला, कंपनीलाही, वाचता येत नाहीत, पण वापराची इतर पुष्कळ माहिती कंपनी गोळा करते. टेलिग्रामवर तर साधं चॅट तसं सुरक्षित नसतंच, सीक्रेट चॅट वेगळं सुरू करावं लागतं.

पण हिला कंपनीपासून काही लपवायचं नव्हतं. लपवायचं होतं ते एकाच घरात राहणाऱ्या माणसापासून.

मी तिच्या व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस', म्हणजे त्या खात्याला जोडलेल्या इतर उपकरणांची यादी, उघडली. तिथे एकच ओळ होती: गूगल क्रोम, विंडोज. खाली त्याच दिवशी सकाळची वेळ. नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. ती अंघोळीला गेली की तिच्या फोनने कोड स्कॅन करायला कितीसा वेळ लागतो? एकदा जोडलं की तिचा फोन बंद असला तरी दुकानातल्या कॉम्प्युटरवर निरोप येत राहतात. एन्क्रिप्शन जागच्या जागी असतं, त्याला धक्काही लागत नाही.

सिग्नललाही कॉम्प्युटर असाच जोडता येतो. शिवाय नवं ॲप फोनवर दिसणार, नोंदणीचा ओटीपी मेसेजमध्ये पडून राहणार, आणि नवरा रोज फोन चाळतो. तिच्या परिस्थितीत सगळ्यांकडे असलेलं व्हॉट्सॲपच कमी संशयाचं होतं, हे मी आजही ठामपणे म्हणेन.

सहकारीचं बोट 'लॉग आउट'कडे गेलं. मी तिचा हात धरला आणि बाईला विचारलं, "हे आत्ता काढलं तर काय होईल?"

"दुकान बंद करून तडक घरी येतील. मग मुलांसमोरच..." पुढे ती बोलली नाही.

आम्ही ती ओळ तशीच ठेवली. केंद्राच्या फोनवर त्या स्क्रीनचा फोटो काढला, तारीख-वेळेसकट, घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांना दाखवायला. तिच्या गॅलरीत काहीच ठेवलं नाही. व्हॉट्सॲपवर भाजी, शाळा, माहेरची खुशाली नेहमीसारखी चालू ठेवायची. एकाएकी गप्प झालं तरी शंका येते. कामाचं बोलणं शिवणक्लासच्या बाईंच्या फोनवरून. आणि इथे येताना स्वतःचा फोन क्लासमध्येच ठेवायचा, कारण तिचं जीमेल खातं नवऱ्यानेच उघडून दिलेलं होतं. पासवर्ड त्याच्याकडे असल्यावर फोन कुठे आहे हे त्याला नकाशावर दिसू शकत होतं. आमचं केंद्र पंचायत समितीच्या आवारात आहे, म्हणून त्या दिवसापुरतं घरकुलाच्या अर्जाची चौकशी हे कारण ठरलं. जाताना कोरा अर्जही तिच्या पिशवीत घातला.

पुढे ती मुलांना घेऊन सुखरूप माहेरी पोचली, तेव्हा आम्ही तो कॉम्प्युटर काढला. जुनं सिम नवऱ्याच्या नावावर होतं, म्हणजे डुप्लिकेट काढून ओटीपी मिळवणं त्याला सहज शक्य. म्हणून आधी तिच्या आधारवर नवं सिम, मग नवं जीमेल, सिमचा पिन आणि जीमेलचा पासवर्ड तिने स्वतः ठरवलेला. त्यानंतर सहकारीने तिच्या शेजारी बसून सिग्नल टाकून दिलं आणि नंबरवरून कुणालाही ती सापडणार नाही असं सेटिंग केलं.

नव्या केसच्या नोंदवहीत आता आम्ही तीन प्रश्न सुरुवातीलाच विचारतो: फोन कोणी घेऊन दिला, सिम कोणाच्या नावावर आहे, पासवर्ड आणखी कोणाला माहीत आहे.