प्रीमियर पद्मिनी कार अपडेट: गरम झाल्यावर बंद पडायचं कारण सापडलं!

मंडळी, सापडलं एकदाचं! गाडी गरम झाली की बंद का पडते, हे मागच्या पोस्टमध्ये विचारलं होतं ना, त्याचं उत्तर. कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी) नाही, कंडेन्सर नाही, सीबी पॉइंटही (कॉइलचा अर्थ जोडणारा-तोडणारा स्विच) नाही. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना स्पार्क वाटणारा भाग, पॉइंटही त्यातच) आत टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत जाणारी ती बोटभर एलटी (लो टेन्शन) वायर, आतून तुटलेली आणि वरचं इन्शुलेशन एकदम शाबूत.

मागच्या वेळी बहुतेकांचं मत कॉइलवर होतं, लक्षणंही तशीच की, गरम झाली की सिग्नलला मिसिंग मारत बंद, बोनेट उघडून थांबलं की एका सेल्फमध्ये चालू. पण कॉइल बदलूनही तेच, आणि गार गाडीत मीटर लावावा तर सगळं ठीक, कॉइलची प्रायमरी वाइंडिंग 3 ओहमच्या आसपास. म्हणून फॉल्ट चालू असतानाच पकडायचा ठरवला. 12 व्होल्टचे दोन छोटे बल्ब डॅशबोर्डवर आणले, एक कॉइलच्या प्लसवरून, दुसरा मायनसवरून, दोन्हीची दुसरी टोकं अर्थला, म्हणजे बॉडीला. पॉइंट मिटले की मायनसचा बल्ब विझतो, उघडले की पेटतो, म्हणून इंजिन फिरताना तो लुकलुकायला हवा. बल्ब फिलामेंटचेच घ्या, पॉइंट उघडताना मायनसवर 200-300 व्होल्टचा झटका येतो, साधा डिजिटल मीटर त्यात जाऊ शकतो.

मुंबईत ईस्टर्न फ्रीवे उतरून पी. डिमेलो रोडला लागलो आणि गाडी बसली. सेल्फ मारला तर प्लसचा बल्ब पेटलेला, म्हणजे स्विचकडून करंट येतोय, आणि मायनसचा लुकलुकायच्या ऐवजी सलग पेटलेला! कॉइल ओपन असती तर हा पेटलाच नसता. म्हणजे करंट कॉइल पार करतोय पण पुढे अर्थपर्यंत पोचत नाहीये. तिथेच कॅप काढली, पॉइंट मिटलेले ठेवून वायर चिमटीत दाबली की बल्ब विझायचा, सोडली की पेटायचा. काय आनंद झाला सांगू!

कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळते ती तयार वायर फार कडक, ती नकोच. लॅमिंग्टन रोडवरून सिलिकॉन इन्शुलेशनची, आत केसासारख्या तारांची घेतली. लग (वायरच्या टोकाचे धातूचे तुकडे) फक्त दाबून क्रिम्प केले, सोल्डर मुद्दाम टाळलं, ते जिथे संपतं तिथेच वायर पुन्हा तुटते. आता ट्रॅफिकमध्ये तापली तरी आयडलिंग स्थिर, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक किट बसवायचा बेत रद्द, पॉइंटच ठेवणार.

रविवारी लोणावळ्याला जायचं होतं, पण हे लिहितानाच सुचलं की बेस प्लेटची (पॉइंट जिच्यावर बसतात ती) अर्थ वायर तुटली तरी मायनसचा बल्ब असाच सलग पेटेल, आणि तीही तितकीच जुनी आहे. तेव्हा रविवारी डिस्ट्रिब्युटर खाली उतरवतो, ती वायर बदलतो, घाट नंतर. बल्ब तोपर्यंत डॅशबोर्डवरच राहू देत.